साफ प्रत

आमचे भाऊजी, रुपराव, माणूस तसा साधा. बुटीबोरीच्या गिरणीत तीस वर्षं पाळ्या केल्या, पण कोणाशी भांडण नाही की कशाचं व्यसन नाही. कॉमिक्सच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतका खडूस माणूस मी अख्ख्या नागपुरात पाहिला नाही. मी त्यांची मेव्हणी मेघा. लग्नात त्यांचे जोडे मीच लपवले होते, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

घरात दोन लोखंडी कपाटं भरून कॉमिक्स. बहुतेक हिंदी, सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणि किरायानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून, ती दुकानं बंद पडता पडता उचललेली. हात धुतल्याशिवाय कोणी शिवायचं नाही. पान उलटायला बोटाला थुंकी लावली की पाहुण्याला चहा न देता वाटेला लावत. नवे शौकीन पुस्तक प्लास्टिकात सील करून भिंतीला टांगतात, त्यांच्यावर तर फार राग. "वाचत नाही तर घेता काहून गा?" असं तोंडावर विचारायचे. पण वाचल्याची खूणही प्रतीवर दिसता कामा नये. पेन्सिलीची रेघ म्हणजे पुस्तकाला झालेली खरूज, असं त्यांचं मत. एखादी प्रत मनापासून आवडली की ती उजेडात धरून एकच शब्द म्हणत, "साफ." त्यापुढे कौतुक नाही.

पेन्सिल काढायची त्यांची एक रीत होती. शिळ्या पावाचा मधला गर घ्यायचा, त्याची गोळी करायची आणि कागदावरून अगदी हलक्या हातानं फिरवायची. खोडरबरानं कागद सोलतो, पावानं नाही. ही रीत त्यांनी एकाच माणसाला शिकवली, जितेंद्रला. जितेंद्रचं धरमपेठेत झेरॉक्सचं दुकान. तीस वर्षांची दोस्ती. भाऊजी त्याला धाकट्या भावासारखं वागवत. हातही न धुता त्यांच्या कपाटाला हात लावणारा तो जगातला एकमेव माणूस असावा.

आता माझ्या बहिणीचं सांगते. नंदिनी लग्न होऊन आली तेव्हा घरात करमणूक म्हणून ही कॉमिक्सच. भाऊजी पहिल्या पाळीला गेले की ती दुपारी एकेक काढून वाचायची, आणि हातात पेन्सिल घ्यायची. समासात, चित्रातल्या मोकळ्या आभाळात, जागा मिळेल तिथं आपल्या बोलीत लिहायची. उडणाऱ्या हिरोच्या पायाशी लिहिलेलं, "हा इकडं उडून राहिला, याच्या घरी पाणी कोण भरून राहिलं?" दुसऱ्या एकाला, "पँटवरून चड्डी घातली. बायकोनं पाह्यलं नाही का गा निघताना?" खांबाला बांधलेल्या नायिकेला, "बोंबलू नको वं, दात आहेत ना तुले, दोरी चाव."

एक दिवस भाऊजींच्या हे लक्षात आलं. घरात आठ दिवस अबोला. हाती लागलेली पहिली प्रत त्यांनी पावानं पुसून कोरी केली आणि कपाटात ठेवली. दुसऱ्याच दिवशी नंदिनीनं एका नव्या प्रतीवर लिहिलं, "पुसा किती पुसायचं ते. पेन्सिल माझ्यापाशी आहे." तेव्हा मात्र त्यांनी तिचा हात लागलेल्या सगळ्या प्रती, एकतीस निघाल्या, न वाचता एका पत्र्याच्या पेटीत कोंबल्या. बाद माल. पेटीला लाल नाडा बांधला, कपाटांना कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. त्यानंतर नंदिनीनं एक अक्षर लिहिलं नाही. संसार नीट झाला, पण त्या किल्लीसाठी मी भाऊजींना कधी माफ केलं नाही, आणि हे त्यांना ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी नंदिनी गेली. दोन वर्षं भाऊजींनी कपाटं उघडली नाहीत. मग एका रविवारी सकाळी मला फोन केला, "मेघा, येतं का वं जराशी?" गेले तर पेटी मधोमध मांडलेली, नाडा सुटलेला, आणि हा खडूस माणूस डोळे पुसत हसतोय. त्या दिवशी आम्ही एक प्रत वाचली. मी नंदिनीच्या सुरात मोठ्यानं वाचायची आणि ते पोट धरून हसायचे. शेवटच्या पानावर होतं, "सगळ्या जगाले वाचवते, पण आमच्या घरच्या हिरोले चहा करता येत नाही." ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी चहा केला. गोड काकवी झाला होता.

सगळ्या एकदम वाचून टाकायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच. पुढच्या प्रतीत डोकावायचंही नाही. अकरा झाल्या तेव्हा मला म्हणाले, "अजून वीस महिने बोलते ती आपल्याशी."

आणि कपाटामागच्या भिंतीला वाळवी लागली. औषध मारायचं, खोली पंधरा दिवस रिकामी हवी. कपाटातला माल माझ्याकडे आला. पेटीसाठी मात्र भाऊजींना जितेंद्रचा माळा बरा वाटला, माझ्या घरी ओल असते म्हणून. माझ्या देखत त्याला बजावलं, "हा नाडा सोडू नको गा. बाकी काहीही कर." जितेंद्रनं गळ्याची शपथ घेतली.

सोळाव्या दिवशी तो स्वतः रिक्षातून पेटी घेऊन आला. चेहरा नुसता फुललेला. नाड्याला दुसरीच गाठ होती. मला ती आधी दिसली, भाऊजींना नंतर.

"भाऊ, रागवू नका," तो म्हणाला, "मले वाटलं, तीस वर्षांत माझ्यापासून लपवलेला असा कोणता खजिना आहे यात? राहवलं नाही. उघडून पाह्यलं तर एकाहून एक पहिले अंक, अन् त्याच्यावर कोणीतरी चिरखडून ठेवलेलं! पंधरा दिवस बसलो. तुमचीच रीत, पावाची. पाहा आता."

त्यानं एक प्रत काढून भाऊजींच्या हातात दिली. भाऊजींनी पहिलं पान उलटलं, दुसरं, तिसरं. मग दुसरी प्रत काढली. मी तिसरी उघडली. हिरो उडत होता आणि त्याच्या पायाखालचं आभाळ नुसतं निळं होतं. मी पान खिडकीशी तिरपं धरून पाहिलं, कुठं अक्षराचा वळ दिसतो का. नंदिनीचा हात हलका, आणि जितेंद्रला शिकवणारा पक्का. एकतीसच्या एकतीस कोऱ्या होत्या.

मी जितेंद्रला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो आधी गोंधळला, मग चिडला. "पेन्सिल म्हणजे खरूज, हे कोणं शिकवलं मले?" असं म्हणाला. मी त्याला सांगितलं, ते अक्षर कोणाचं होतं. तेव्हा तो पेटीपाशी खाली बसला.

भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी हळू, जवळजवळ हात जोडल्यासारखे, म्हणाले, "जितू, अकरा आम्ही वाचल्या होत्या. वीस राहिल्या होत्या. तू पुसल्या म्हणजे वाचल्या असशील ना? जे आठवते ते सांग. एखादी ओळ सांग."

जितेंद्र म्हणाला, "भाऊ, पुसताना कोणी वाचते का?"

भाऊजींचा चेहरा त्याला बघवला नसावा. घाईघाईनं म्हणाला, "हां, एक आठवलं. एका ठिकाणी लिहून होतं, माझे पती देवमाणूस आहेत. असंच काहीतरी होतं भाऊ."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. 'पती' हा शब्द नंदिनीच्या तोंडून आम्ही जन्मात ऐकला नव्हता. आणि देवमाणूस तर या माणसाला तिनं स्वप्नातही म्हटलं नसतं.

"जा गा तू आता," भाऊजी म्हणाले.

तो गेला. त्यानंतर आला नाही, आणि आलेला मला चालणारही नाही. त्यानं नाडा सोडला यापेक्षा माझ्या बहिणीच्या नावावर खोटी ओळ खपवायला निघाला, याचा राग मला जास्त आहे.

पहिला रविवार आम्ही मोडलेला नाही. मी जाते, भाऊजी चहा करतात, हल्ली बरा करतात. मग हात धुऊन त्या विसांतली पुढची प्रत काढतात. एकेक पान उलटतात, समासावरून बोट फिरवतात, शेवटपर्यंत जातात आणि मिटून ठेवतात.

"कशी आहे?" मी विचारते.

"साफ," ते म्हणतात.