नाकोबाने तपासलेला सांधा

गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे नाकोबा म्हणत. इतर कारागीर सांध्याला साबणाचा फेस लावून गळती बघत. हा गुडघ्यावर बसे, एकदा हुंगे आणि सांगे. त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता.

मागच्या आठवड्यात तो शिडीवरून पडला. डोक्याच्या मागे टेंगूळ आलं. "दगडाला काय होतंय," म्हणत तो कामावर जात राहिला. आज दुपारी त्याच्या शेजारी दूध करपून काळं झालं आणि हा पेपर वाचत बसला. बायकोने त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी डोळे मिटायला सांगून नाकाखाली कॉफी धरली. मग लवंग.

"कशाचा वास येतोय?"

"धरलंय का काही?"

बाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू उलटा केला. कपाळाच्या बाजूला, खाली, दोन बारीक कळ्या होत्या. "नाकातले वासाचे धागे हाडाच्या चाळणीतून इथे येतात. तुम्ही मागे आपटलात, मेंदूला हिसका बसला, धागे तुटले. कुत्र्यात, उंदरात हा भाग चांगला ठसठशीत. आपल्यात एवढासाच. पण इथून वास थेट आठवण आणि भीती सांभाळणाऱ्या भागांकडे जातो. म्हणून वास आला की माणूस आधी दचकतो, कशाचा ते मागून कळतं."

"परत येईल?" बायकोने विचारलं.

नाकोबाला उत्तर ऐकूच आलं नाही. त्याला सकाळची मावशी आठवली होती. एकटी राहणारी. तिची नवी नळी बसवून, हुंगून, "बिनधास्त पेटवा" सांगून तो निघाला होता. त्याने तिथूनच तिला फोन लावला.

तिने फोन उचलला नाही. तो धावत सुटला. जिना चढून मावशीच्या दाराशी आला. बेलकडे गेलेला हात त्याने ठिणगीच्या भीतीने झटकन मागे घेतला आणि दारावर थापा मारल्या.

मावशीने दार उघडलं. कपाळाला फडकं बांधलेलं. "बरा आलास. सकाळपासून डोकं धरलंय. खोकल्यापायी खिडक्या लावून पडले होते."

"काही पेटवलंत?"

"आत्ता चहा ठेवणार होते. वास येत होता रे जरासा. पण तू बघून गेलेलास. म्हटलं, आपलंच नाक म्हातारं झालं."

त्याने तिला बाहेर जिन्यावर बसवलं. आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. परत येऊन तिच्या शेजारी बसला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "गेला का रे वास?"

त्याने उघड्या दाराकडे तोंड करून खोल श्वास ओढला.

"मला येत नाही, मावशी," शेवटी तो म्हणाला. "काहीच येत नाही. तुम्हीच सांगा."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. मग दाराशी जाऊन वाकून हुंगलं.

"आहे अजून," ती म्हणाली आणि पुन्हा त्याच्या शेजारी येऊन बसली.