गुंजवण्यात गाजलेला गायक

राजगडावरून उतरलेला माणूस गुंजवण्यात कुंडलिक रेणुसे ऊर्फ तात्या यांच्या ओसरीवर टेकला की त्याच्यापुढं पिठलं-भाकरी येते, ठेचा येतो, आणि पहिला घास गिळायच्या आत तात्यांचा प्रश्न येतो. तुमच्याकडं कोण गाजतंय? पाहुणा पुण्याचा असो की पोलंडचा, यातून सुटका नाही. सिनेमातल्या गायकांची नावं घेतली तर तात्या हात झटकतात. त्यांना बँड हवा असतो. म्हणजे चार-पाच जणांची टोळी, त्यात एक ढोल बडवणारा, दोघं गिटार घेतलेले आणि एक केस वाढवून जिवाच्या आकांतानं ओरडणारा. अशा टोळ्यांची माहिती उभ्या वेल्हे तालुक्यात तात्यांइतकी कुणाला असेल असं वाटत नाही, आणि ती कुणाला हवी असेल असंही वाटत नाही.

ही माहिती त्यांनी कुठं वाचलेली नाही, जेवणाऱ्यांकडून काढून घेतलेली आहे. एका इंग्रज बाईंनी क्वीनचं नाव घेतलं. जपानी जोडपं आलं, ते म्हणालं की त्या क्वीनला आमच्याकडं पहिल्यापासून डोक्यावर घेतलं होतं. एक जर्मन पाहुणा स्कॉर्पियन्सबद्दल बोलताना जरा हिरमुसला. म्हणाला, त्यांना आमच्यापेक्षा बाहेरचेच जास्त मानतात. पुढच्या हिवाळ्यात आलेल्या रशियन मुलानं हातातल्या भाकरीची शपथ घेऊन ते खरं असल्याचं सांगितलं. पुण्याची कंपनीतली पोरं तर लेड झेपलिन मोठा की पिंक फ्लॉईड यावरून अशी हमरीतुमरीवर येत की ठकुबाईंना पिठल्याचं पातेलं दोघांच्या मधे आणून ठेवावं लागे. ठकुबाई म्हणजे तात्यांच्या कारभारीण. त्यांनी आयुष्यात एकही बँड ऐकायला मागितलेला नाही.

वाद फार वाढला की तात्या निकाल द्यायचे. गाणं कुणाचं चांगलं, हा प्रश्न त्यांच्या लेखी फालतू होता. गाणं किती लांब गेलं ते बघायचं. "घरची वाहवा धरायची न्हाई," ते सांगत. "परगावात कोन पानी इचारतंय, तेवढंच धरायचं." या हिशेबात क्वीन कायम वर असे. त्याला आणखी एक कारण होतं. क्वीनचा गायक लहानपणी पाचगणीला शाळेत होता, हे कळल्या दिवसापासून तात्या त्याला घरातला समजू लागले. भोरवरून मांढरदेवीचा डोंगर ओलांडला की वाई आणि वाईच्या डोक्यावर पाचगणी. म्हणजे सोयरीक जमवायला हरकत नाही इतकं जवळ. इंग्रज पाहुण्यांना ते हे ऐकवत तेव्हा आवाज असा ठेवत की जणू त्या पोराला शाळेत पोचवायला तेच गेले होते.

पण एवढा सगळा खटाटोप मुळात होता एका कॅसेटसाठी.

तात्या विशीत असताना एका गोऱ्या तरुणाला गडाची वाट दाखवायला गेले होते. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला. संजीवनी माचीवर दोघं विसाव्याला बसले, तेव्हा त्या गोऱ्यानं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, बटण दाबलं आणि गाणं सुरू होताच उठून उभा राहिला. डावा हात वर धरला, उजवा पोटाशी आणून भराभर खाली मारू लागला, कंबरेत वाकला आणि ठेक्यावर मान हलवू लागला. शहरातल्या कुणीही सांगितलं असतं की हा हातात नसलेली गिटार वाजवतोय. तात्यांनी तोवर गिटार बघितलेली नव्हती. त्यांनी आवणी बघितली होती, म्हणजे भाताची लावणी. डाव्या हातात रोपाची मूठ, उजव्या हातानं दोन-दोन काड्या काढून चिखलात खुपसायच्या, कंबर वाकलेली, ठेका धरलेला. तात्यांच्या लगेच लक्षात आलं की हे त्या मुलखातलं आवणीचं गाणं आहे. तेही उठले आणि त्याच्या शेजारी रोपांची एक वळ, म्हणजे ओळ, हवेतच लावून दाखवली. गोरा इतका खूश झाला की जाताना टेप आणि कॅसेट दोन्ही देऊन गेला. आपलं म्हणणं समोरच्याला नीट कळलं, असं दोघांनाही वाटलं.

पुढं पुण्याच्या पोरांनी खऱ्या गिटारी आणल्या, तेव्हाही तात्या डगमगले नाहीत. हे वाद्य आवणीवरूनच काढलेलं दिसतंय, एवढंच म्हणाले.

या भागात इर्जिक घालतात. एकाच्या खाचरात सगळ्या आळीनं मिळून राबायचं, मजुरी कुणी घ्यायची नाही, घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. पूर्वी बांधावर ढोल वाजायचा. तात्यांनी त्या वर्षी ढोलाच्या जागी टेपरेकॉर्डर ठेवला, वर पावसासाठी इरलं घातलं, आणि नवल म्हणजे त्या गाण्याचा ठेका हाताला अचूक बसला. शब्द कुणाला कळत नव्हते, पण त्यानं काही अडलं नाही. बायांनी त्या चालीवर आपले शब्द घातले. कुणाची सून उशिरा उठते, कुणाची म्हैस दूध चोरते, हे सगळं त्या परदेशी चालीत बसलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आळीनं टेप मागून नेला. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आता स्वतः चिखलात उतरतात, आणि ते गाणं लागल्याशिवाय त्यांचे हात चालत नाहीत. धरणात खालची खाचरं गेली, जुनं घर सोडावं लागलं, त्या दिवशी तात्यांनी सगळ्यात आधी टेप उचलला आणि जातं राहिलं. जातं नंतर आणलं, पण ठकुबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

हा गायक साऱ्या जगात गाजलेला आहे, असं तात्यांनी गावाला सांगून ठेवलं होतं. भात पिकतं तिथं तिथं हा वाजतोय, चीनमध्ये तर घरोघरी. अडचण एकच होती, कुठलाही पाहुणा त्याला ओळखत नव्हता. कॅसेटवरचं नाव पावसानं कधीच धुऊन नेलं होतं. इंग्रज म्हणाले, ही इंग्रजी नव्हे. जर्मन म्हणाला, आमचीही नव्हे. फोनला गाणं ऐकवलं की नाव सांगणारी सोय आली, तीही गप्प बसली. तात्या रेंजला दोष द्यायचे, शहरी लोकांना शेतीची गाणी कुठली ठाऊक म्हणायचे, आणि हसून दुसरी भाकरी वाढायचे. पण प्रत्येक वेळी पाहुण्यानं मान हलवली की त्यांचं तोंड उतरायचं. ते फक्त ठकुबाईंना दिसायचं.

यंदा त्यांच्या पुतण्यानं, पप्पूनं, हे वर्म चारचौघांत काढलं. पप्पूचा टेम्पो आहे, टेम्पोवर जनरेटर आणि माणूसभर उंचीचे स्पीकर आहेत, आणि लग्नाचा हंगाम सरला की ते नुसते पडून असतात. तात्यांचा गायक जगात कुणालाच माहीत नाही, तेव्हा यंदाची आवणी आपल्या स्पीकरवर नव्या गाण्यांनी करू, असं तो पारावर म्हणाला, आणि तरण्या पोरांनी माना डोलावल्या. तात्यांना ते झोंबलं. भोरच्या एका वकिलांची मुलगी वैदेही परदेशी पाहुण्यांना गडकोट दाखवते. ती इर्जिकीच्या दिवशी डेन्मार्कचा पाहुणा घेऊन येणार होती. तात्या रागाच्या भरात बोलून गेले की त्या पाहुण्यानं ओळखलं तर गाणं राहील, नाही ओळखलं तर माझ्या बांधावर ते पुन्हा कधी वाजणार नाही. घरी आल्यावर ठकुबाईंनी विचारलं की डेन्मार्कला भात पिकतं का. तात्यांनी त्या रात्री जेवण निम्म्यावर सोडलं.

इर्जिकीच्या दिवशी खाचरात राबणाऱ्यांच्या दोन ओळी वाकल्या होत्या. बांधावर एकीकडं पप्पूचे स्पीकर प्लास्टिकच्या कागदाखाली, दुसरीकडं तात्यांचा टेप इरल्याखाली. वैदेही आली, तिच्यामागं पांढऱ्या दाढीचा, गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेला येन्स आला. त्याच्या हातात कुणीतरी रोपाची मूठ दिली आणि तात्यांनी बटण दाबलं.

येन्स वाकलेला होता तो सरळ झाला. त्यानं टेपाकडं बघितलं, वैदेहीकडं बघितलं, आणि मग तोंड उघडून त्या गायकाच्या बरोबरीनं गाऊ लागला. एकही शब्द चुकला नाही. पप्पूच्या हातातली केबल चिखलात पडली. तात्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा नीट घातली, आणि वळून सगळ्या गावाकडं एकदा बघून घेतलं.

इथं थांबले असते तर सगळं सुखानं पार पडलं असतं. पण आयुष्यभराची खोड. त्यांनी वैदेहीला सांगितलं, विचारा त्यांना, हा किती देशांत गाजतोय. तिनं विचारलं. येन्स बराच वेळ बोलत राहिला, मधे एकदा हसला, मग हसायचा थांबला. वैदेही तात्यांना म्हणाली की बरंच नाव आहे, काका.

"न्हाई, नीट सांगा," तात्या म्हणाले. "म्या पाहुन्याच्या तोंडाकडं बघतोय."

तेव्हा तिनं सांगितलं. हा बँड येन्सच्या गावचाच. त्यांची एकच कॅसेट निघाली, ती कुणी घेतली नाही, आणि टोळी मोडली. येन्सच्या बहिणीच्या लग्नात ते गायले होते म्हणून त्याला पाठ. आज त्या गावातही कुणाला त्यांची आठवण नाही. गायकाचं नाव हेन्रिक. तो सायकली दुरुस्त करतो, गात नाही. आणि गाणं आवणीचं नव्हे, चुकलेल्या बोटीचं आहे.

तात्या बांधावर बसले. त्यांनी टेप बंद केला. लाज वाटली, हे तर खरंच. सगळं गाव समोर उभं होतं. पण लाजेपेक्षा जास्त त्यांना त्या हेन्रिकचं वाईट वाटलं. एवढा चांगला आवाज, आणि घरच्यांनीही पाणी विचारलं नाही. तात्यांच्याच मापानं मोजायचं तर तो मोजण्यातही येत नव्हता. पैज ते जिंकले होते, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही. त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि त्याचे स्पीकर चालू करायला सांगितले. पप्पू जागचा हलला नाही. आपण हे का काढलं, असं त्याला झालं होतं.

ठकुबाई पहिल्या ओळीत होत्या. पोटरीभर चिखलात, पाठ न वळवता त्या बोलल्या.

"अवो, घरची वाहवा धरायची न्हाई, असं कोन म्हनत हुतं? परगावाचं धरायचं. मग हे गाव त्येचं परगावच हाय की."

एवढं बोलून त्यांनीच चाल उचलली. शब्द त्यांचे स्वतःचे होते, ते जात्यापेक्षा टेप बरा म्हणणाऱ्या एका नवऱ्याबद्दल होते. पहिली ओळ हसत हसत वाकली, मग दुसरी. पप्पूनं जाऊन टेपाचं बटण दाबलं. तात्यांनी तोंडावरून उपरणं फिरवलं आणि खाचरात उतरले. येन्स बांधावर उभा राहून फोनवर सगळं टिपत होता आणि दुसऱ्या हातात रोपाची मूठ असल्यामुळं त्याला नाक पुसता येत नव्हतं.

रोप चिखलात धरून हिरवं झालं, त्या सुमारास वैदेही पुन्हा आली. येन्सनं ते चित्रण हेन्रिकला दाखवलं होतं आणि हेन्रिक ते बघत असताना त्याचंही केलं होतं. ओसरीवर सगळे तिच्या फोनवर वाकले. सायकलींच्या दुकानात एक टक्कल पडलेला म्हातारा उभा होता. आपला आवाज ऐकून आणि त्या आवाजावर वाकलेल्या दोन ओळी बघून त्यानं हातातला पाना खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. डोळेही त्याच फडक्याला पुसले, त्यामुळं गालाला वंगण लागलं. मग चाकं पायानं बाजूला सारून त्यानं डावा हात वर धरला, उजवा पोटाशी आणला, कंबरेत वाकला आणि भराभर खाली मारू लागला.

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"बगा," ते म्हणाले. "मूठ डाव्या हातात हाय का न्हाई? म्या पयल्यापासनं सांगतोय."

पप्पूला गिटार चांगली ठाऊक होती. त्यानं तोंड उघडलं, चुलत्याकडं बघितलं आणि मिटलं. वैदेही फोन हातात तसाच धरून राहिली. तात्यांनी तिला सांगितलं की त्याला कळवा, पुढच्या इर्जिकीला यायचं, जेवण आपल्याकडं.

ठकुबाईंनी फोन जवळ ओढून त्या म्हाताऱ्याचे हात नीट निरखले.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर कडंच्या वळीत उभा करीन. लई वाकडी लावतोय."