करवंदीला मी मोरचूद पाजलं

मंडळी, आज सकाळपासून जिवाला चैन नाही.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुंपणाच्या कोपऱ्यात करवंदीची एकच जाळी उरली आहे. टॉवर उठले तेव्हा बाकीच्या गेल्या. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या बुडाशी पालापाचोळ्यात पांढरे तंतू दिसले. गावी कोकणात सुपारीला बुरशी लागली की आम्ही मोरचूद मारायचो. तेच कालवून बादलीभर ओतलं. आता पानं पिवळी पडून गळताहेत.

आज तळमजल्यावरच्या साठे मॅडमना दाखवलं. त्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या.

“काका, ते तंतू पानं कुजवणाऱ्या बुरशीचे. त्यांचा त्रास नसतो. मुळांत वेगळी बुरशी असते, ती डोळ्यांना दिसतही नाही. ती आपल्याभोवती कामाचे जिवाणू जमवते आणि सगळे मिळून झाडाला पोसतात. तुम्ही सगळ्यांनाच विष पाजलंत.”

बायको मागेच उभी होती. म्हणाली, “शाळा सातवीपर्यंत आणि हौस डॉक्टरकीची.”

मॅडम म्हणाल्या, मागच्या टेकडीवरच्या करवंदीखालची ओंजळभर माती आणून इथे मिसळा, त्यात ती बुरशी आणि जिवाणू दोन्ही असतात.

“मग जगेल ना?”

“सांगता येत नाही, काका. मोरचूद मातीतून लवकर जात नाही.”

धापा टाकत माती आणली. दुपारपासून पिशवी मांडीवर घेऊन जाळीपाशी बसलोय, हात पुढे होत नाही. मोरचूद ओततानाही आपण झाडाचं भलंच करतोय अशी मला खात्री होती.

कुणी अशी माती घालून झुडूप वाचवलंय का? सांगा, म्हणजे घालतो.