दहा दिवसांचा पोर्च

तुळजाराव मामा गेले तेव्हा मी कुंभकोणमला एका दवाखान्याच्या गिलाव्याच्या कामावर उभी होते. मामीचा फोन आला. "भारती, मामा गेला ग तुझा," एवढंच ती म्हणाली. "बरं, येते," म्हणाले, फोन पिशवीत टाकला आणि भिंतीला ओळंबा लावून बघितला. पाच आठवडे झाले त्याला. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

तंजावूरच्या आमच्या मराठी मंडळींनी राजवाड्यामागच्या एका घरात शोकसभा घेतली. जो उठला तो एकच सांगत होता... सांगितलेल्या दिवशी किल्ली हातात ठेवणारा कंत्राटदार. सभा संपल्यावर सगळे माझ्याकडे वळले. तू भाची, तू इंजिनिअर, आणि देवनागरी लिहिता येणारी आमच्यात तूच, तर मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तू लिही. लिहिते. पण तो 'सांगितलेला दिवस' कसा काढला जायचा हे मी जवळून पाहिलं आहे, तेही लिहिणार. मंडळींना आवडलं नाही तर माझा इलाज नाही.

आधी त्यांचं श्रेय त्यांना देऊन टाकते. कामाला माणसं किती लागतील, दिवस किती जातील, याचा अंदाज बांधण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. कॉलेजातून नुकती बाहेर पडून मी त्यांच्याकडे लागले तेव्हा मला वाटायचं, भिंतीचं माप काढायचं, एक गवंडी दिवसाला किती वीट रचतो त्यानं भागायचं, की झाले दिवस. मामा हसायचे. मोपेडवर मागे बसवून कालव्याकाठच्या गावांतल्या कामांवर न्यायचे आणि विचारायचे, "पाणी कोठून आणतात? विटा कोठे उतरल्या? वर चढवायला बाया किती?" मी वहीत बघू लागले की वही मिटायचे. चैत्रात दुपारी दोननंतर माणूस निम्मं काम करतो, भात लावणी आली की निम्मी टोळी शेतात जाते, गावचा उत्सव असला की तीन दिवस कोणी येत नाही... हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. एकदा एका ओट्याकडे नुसतं बघून म्हणाले, "चार गवंडी, सहा बाया, नऊ दिवस." नवव्या दिवशी संध्याकाळी गवंड्यानं थापी धुतली. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. आता त्याच गोष्टीचा राग येतो, कारण ज्याला कळत नाही तो चुकतो. यांना सगळं कळत होतं.

पुढे तालुक्यात स्पर्धा वाढली. जो कमी दिवस सांगेल त्याला काम. मामा कमी दिवस सांगू लागले. आधी पाच दिवस तोडायचे, मग दहा. तोडलेले दिवस कोठून यायचे? जेवणाच्या सुटीतून, रविवारातून, आणि ज्यांना ते अर्धं माणूस धरायचे त्या बायांच्या पाठीतून. माल वाहणाऱ्या बाईला आमच्याकडे तमिळमध्ये सित्ताळ म्हणतात. मामांच्या हिशेबात दोन सित्ताळ म्हणजे एक माणूस. ती चुंबळीवर गड्याइतक्याच खेपा करते हे मी घड्याळ लावून दाखवलं तर म्हणाले, "मज शिकवू नकोस."

पापनाशमजवळ एका शाळेचं काम मिळालं. सुटी संपून वर्ग भरायच्या आत द्यायचं कबूल केलेलं. पुढच्या दाराला खांबांशिवाय बाहेर झेपावलेला पोर्च होता. असल्या पोर्चचं काँक्रीट ओतल्यावर खालचे टेकू लवकर काढायचे नसतात, त्याला स्वतःचा भार पेलेपर्यंत वेळ द्यावा लागतो. मी कामाचा तक्ता केला आणि टेकूंसमोर एकवीस दिवस लिहिले. मामांनी लाल पेन्सिलीनं ते खोडलं आणि वर दहा लिहिलं. तीच फळ्या-टेकूंची जोडी आणि तीच टोळी त्यांना दुसऱ्या कामावर हवी होती.

"मामा, दहा दिवसांत राहील तो?"

"ऊन बघ किती आहे. कसाला भितेस? मी उभा आहे की."

तक्ता पुन्हा टाइप होऊन आला. दहा. त्यांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. मी सही केली.

अकराव्या दिवशी सकाळी टेकू निघाले. सेल्वी नावाची सित्ताळ खालच्या फळ्या गोळा करत होती. पोर्चची पुढची कड आधी नुसती वाकली, मग सगळंच खाली आलं. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. मी दहा पावलांवर होते. ती ओरडली नाही, "अम्मा, फळी काढा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली... तो आवाज मी कोठेही ओळखीन.

चौकशीला अधिकारी आले तेव्हा मामांनी पांढरी स्वच्छ फाइल पुढे केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंदाज हिचा, सही हिची. पोर लहान आहे, सांभाळून घ्या." मी त्यांच्या बहिणीची मुलगी. त्यांच्या घरी जेवून वाढलेली. तंजावुरात मला पुढे कोणी काम दिलं नाही. मी तिरुचीला गेले, मग कुंभकोणमला. मामांची कामं चालूच राहिली. मामीला भेटायला मी ते घरी नसताना जायची. एकदा जिन्यावर समोरासमोर आलो, तर म्हणाले, "बरी आहेस?" आणि उत्तराला न थांबता चप्पल घालून निघून गेले. त्यानंतर बोलणं नाही.

मीही गप्प बसले नाही. भेटेल त्याला सांगत आले की मी एकवीसच लिहिले होते, माझी सही झाल्यावर मामांनी तक्ता बदलला. पहिलं खरं होतं. दुसरं मी जोडलं होतं. सेल्वीलाही तेच सांगितलं. वर्षातून दोन-तीनदा तिच्याकडे जाते. पायानं मशीन मारता येत नाही म्हणून ती मोटार लावून ब्लाउज शिवते.

तेराव्यानंतर मामीनं मला त्यांच्या खोलीत नेलं. "तेंचे कागद तूच बघ, मज काय कळतं?" कपाटात खिशात मावतील अशा वह्यांची चळत होती. प्रत्येक कामाची एक वही. आमच्या पिढ्यांची रीत, भाषा मराठी आणि अक्षर तमिळ. शाळेची वही सापडली. तक्ता करायच्या आदल्या आठवड्यातलं पान, त्यांच्या हातचं: पोर्च, टेकू एकवीस दिवस, टोळी बारा. आणि खाली, मी तक्ता दाखवल्यावर लिहिलेलं असावं, वेगळ्या शाईत दोन शब्द... 'भारती बरोबर.'

त्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला मी वर्षानुवर्षं तरसले होते. त्यांनी ते वहीत लिहून कपाटात ठेवले आणि मला अधिकाऱ्यांपुढे उभं केलं. वही फाडावीशी वाटली. मामी दारातच उभी होती. "कामाचं आहे का काही?" तिनं विचारलं. "आहे," मी म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पापनाशमला गेले.

सेल्वीला मी ते पान तमिळमध्ये वाचून दाखवलं. तिनं मोटार बंद केली.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"सगळं ठाऊक होतं. बघ, पुरावा आहे माझ्याकडे."

"आणि तुम्हाला?"

मी वही मिटली. मग म्हणाले, "मलाही ठाऊक होतं, सेल्वी. दहा लिहिलेल्या कागदावरच मी सही केली. नंतर कोणी काही बदललं नाही."

तिनं दोरा दातानं तोडला. "चौकशीच्या साहेबांनी मला आस्पत्रीतच तो कागद दाखवला होता, अम्मा. वाचता येतं मला. खाडाखोड नव्हती त्यात. तुम्ही कधी सांगता ते मी बघत होते."

मग तिनं मोटार सुरू केली आणि हातातली बाही पुढे सरकवली. मी तिथंच बसून राहिले, तिनं जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही.