तिसऱ्या होडीचा नियम

त्याला सगळे बाइंडर म्हणत. छापखान्यात छत्तीस वर्षं पुठ्ठा कापून त्याच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. निवृत्त होऊन घरी बसला, तर पुन्हा पुठ्ठाच कापू लागला. आता त्या पुठ्ठ्यांच्या वह्या होत नसत, लढाया होत.

टेबलभर पसरेल असा नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या, एक फासा आणि नियमांची वही, असा तो खेळ असे. एकाने सैन्य चढवायचं, दुसऱ्याने अडवायचं. असे खेळ छापणाऱ्या एका छोट्या कंपनीने त्याचे चार डाव काढले होते. पाचवा तिने स्वतःहून मागितला. "तुम्ही स्वतः होतात ना, ती किनाऱ्यावर उतरण्याची लढाई करा की," मालकाने लिहिलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, तो त्या लढाईत होता. सपाट तळाच्या लोखंडी होडीचं सुकाणू त्याच्या हातात होतं. होडीच्या तोंडाशी लोखंडी फळी असे. ती पाडली की आतल्या शिपायांनी किनाऱ्यावर धावायचं. उतरणाऱ्या होड्यांतली त्याची तिसरी. तिच्यातून गेलेला त्याचा थोरला भाऊ परत आला नाही. घरात एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

डाव मालकाकडे जाण्याआधी कोणीतरी तपासायचा असतो. त्याची एक कडक रीत आहे. ज्याने डाव रचला त्याने बाजूला बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. घरोघरी समजावून सांगायला तो थोडाच जाणार आहे? वहीच बोलली पाहिजे. वही अपुरी पडली, तर तपासणाऱ्याने आपल्या समजुतीने खेळावं आणि समासात तसं लिहावं.

त्याचे डाव तपासायची त्याची पुतणी, त्याच भावाची मुलगी. वजनमापांच्या कचेरीत ती तपासनीस होती. तिला रस्त्याच्या टोकाला पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला घेत. रविवारी दुपारी ती आली, चपला काढल्या, चष्मा चढवला आणि दोन्ही बाजू आपल्याकडेच घेऊन बसली.

"काका, कुलूप?"

"कुलूप," म्हणत त्याने ओठांवरून बोट फिरवलं आणि खिडकीपाशी खुर्ची ओढली.

पहिली होडी किनाऱ्याला लागली. दुसरीला तोफगोळा चाटून गेला. पुतणी पुटपुटत फासा टाकत होती, हरणाऱ्या बाजूला दटावत होती. मग तिने वहीचं पान उलटलं आणि थांबली.

"हा चौदावा नियम काय आहे? 'तिसरी होडी पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर अडकते. फळी उघडली जाते. होडीतल्या आठही सोंगट्या काढून घ्याव्यात.' बस? फासा नाही?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"तारेच्या कुंपणाला फासा, वाऱ्याला फासा, आणि आठ माणसांना नाही? या होडीच्या काय पाचवीला पुजलंय?" तिने पान मागे उलटलं. "आणि होडीच्या सामानाच्या यादीत ही काय? 'पाणी मोजायची काठी, एक.' सगळी वही वाचली मी, ही काठी कुठेच वापरत नाहीत. होडीत काय शोभेला ठेवली होती? काका, एवढी ढोबळ चूक तुमची?"

बाइंडरने खिडकीच्या कठड्यावरची धूळ बोटाने गोळा केली. यादी त्याने आठवून, एकेक वस्तू डोळ्यांसमोर आणून लिहिली होती. काठी सुकाणूपाशीच होती, त्याच्या डाव्या पायाला लागून. ती यादीत आपसूक आली. नियमात मात्र तिला आणायला हात धजला नव्हता.

"बरं. मग माझ्या समजुतीने," ती म्हणाली आणि पेन्सिल कानावरून काढली. "तळ घासला. होडीवाला काठी टाकतो. पुढे पाणी दोन पुरुष खोल. म्हणून फळी पाडत नाही. तुमच्याच तक्त्याप्रमाणे भरती चढतेय. दोन खेळ्यांनी होडी दांड्यावरून तरंगेल. तोवर गोळीबार सोसायचा."

तिने किनाऱ्यावरच्या तोफेसाठी फासा टाकला. दोन सोंगट्या गेल्या. पुन्हा टाकला. एक गेली. मग तिने होडी बोटाने अलगद पुढे सरकवली आणि उरलेल्या सोंगट्या वाळूच्या घरात एकेक मांडल्या.

"पाच पोचले! तीन गेले, पण पाच पोचले. बघा, आता कुठे डावात जीव आला."

चाळीस वर्षांत त्याने मनातल्या मनात ती लढाई नाना तऱ्हांनी खेळली होती. वारा फिरवला होता, धुकं आणलं होतं, तोफाच बंद पाडल्या होत्या. ही एक खेळी तेवढी कधी खेळला नव्हता. वाळूतल्या त्या पाच सोंगट्यांवरून त्याची नजर हलेना.

"काका? बरं वाटत नाही का?"

"मी पाडली," तो म्हणाला.

"काय?"

"फळी. शिकवताना एकच घोकून घेतलं होतं, तळ घासला की कळ ओढा, थांबलात तर मेलात. तळ घासला. मी कळ ओढली. काठी पायाशी होती. उचलली नाही."

पुतणीने चष्मा काढला.

"दादा सगळ्यात पुढे होता. होडीत चढताना म्हणाला होता, 'धाकट्याच्या होडीतून जातो, निदान पाय तरी ओले होणार नाहीत.' सगळे हसले होते. पाठीवर प्रत्येकाच्या पोत्याएवढं ओझं. फळी पडली तसे ते धावले. पुढे वाळू नव्हतीच."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आईला तुम्ही गोळी सांगितलीत," ती म्हणाली. "जागच्या जागी."

"हो."

"ती अजून म्हणते, एक बरं झालं, त्यांना काही कळलं नसेल."

"माहीत आहे."

"किती वेळ लागला?"

"फार नाही," तो म्हणाला. चाळीस वर्षं तोंडात तयार असलेलं उत्तर होतं ते. मग त्याने मान हलवली. "नाही. बराच वेळ. हात दिसत होता."

ती उठली नाही, रडलीही नाही. तिने वही आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"चौदावा नियम नीट लिहा."

त्याने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. तळ घासल्यावर काठी टाकायची की लगेच फळी पाडायची, हे होडीवाल्याने ठरवावं. तिने शब्दन् शब्द तपासला, खाली तारीख घातली, सही केली. मग पाच सोंगट्या वाळूवरून उचलल्या आणि विचारलं, "यांतली बाबांची कुठली?"

त्याने दाखवली. बाकीच्यांसारखीच होती, फक्त कोपरे बोटं लागून गोल झाले होते. तिने ती डबीत टाकली नाही, त्याच्या तळहातावर ठेवली.

"आईला मी सांगणार नाही," चपला घालताना ती म्हणाली. "आणि मला माहीत नाही असंही तिच्यासमोर वागणार नाही. खोट्या वजनावर मी शिक्का मारत नाही, काका. घरच्याही नाही."

"वहिनी मला पुन्हा उंबरा चढू देणार नाही."

"नसेल देणार."

ती जिना उतरू लागली. बाइंडर टेबलापाशी उभा राहिला. मग सदऱ्याच्या खिशात सोंगटी टाकून त्याने दाराला बाहेरून कडी घातली. खालच्या वळणावर ती भिंतीला टेकून उभी होती. त्याच्या पायांचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं नाही. तो जवळ आल्यावर मात्र चालू लागली, त्याच्या दोन पायऱ्या पुढे.