राजपुत्राचं लग्न आणि माझी पत्रिका

इंग्लंडच्या राजपुत्राचं लग्न होतं त्या शनिवारी सिंगापूरला त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. दुपारी मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी घ्यायला गेले, तर टीव्हीवर तिकडची सजावट दाखवत होते आणि खाली सगळे आपापल्या नूडल्समध्ये मान घालून बसले होते. मलाही त्या लग्नाचं काही पडलेलं नव्हतं. मला धाकधूक होती ती माझ्या लग्नाची.

संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोतल्या फ्लॅटवर ओळखीची मराठी मंडळी ते लग्न बघायला जमणार होती. प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून आणायचा. ही टूम निघाली ती माझ्या होणाऱ्या सासूबाईंमुळे. होणाऱ्या म्हणजे, निदान मी तरी तसं धरून चालले होते. काकू महिनाभरासाठी पुण्याहून मुलाकडे आल्या होत्या, आणि राजघराण्यातली लग्नं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मुलगा तुआसला एका कारखान्यात इंजिनिअर. आमचं लग्नाचं कधीच ठरलं होतं, पण घरी त्यानं 'मैत्रीण' एवढंच सांगितलं होतं.

"आईला आधी तू आवडू दे," तो म्हणायचा. "मग मी सांगतो सगळं."

सगळं म्हणजे काय, तर मी बौद्ध आहे हे. माझं आडनाव त्यांच्यातही असतं आणि आमच्यातही. काकूंनी ते पहिल्याच भेटीत विचारून घेतलं, खूश झाल्या आणि मनातल्या मनात मला आपल्यात बसवून मोकळ्या झाल्या. त्यानं ती चूक दुरुस्त केली नाही. "शनिवारी जेवणं झाली की सांगतो, नक्की," असं मात्र त्यानं मला कबूल केलं होतं. म्हणून मी गेले. नाहीतर मला काय करायचंय त्यांच्या घोडागाडीचं?

मी कोथिंबीरवड्या नेल्या होत्या. काकूंनी एक खाल्ली, दुसरी उचलली, "हाताला चव आहे हो पोरीच्या" म्हणाल्या आणि मला सोफ्यावर शेजारी बसवलं. पुरुषमंडळींना क्रिकेटची मॅच बघायची होती, पण रिमोट काकूंनी मांडीखाली दाबून ठेवला होता. यजमानीण वहिनींची लेक मध्येच येऊन, टीव्हीकडे बोट दाखवून "सो लाँग लाह, स्टिल नॉट मॅरीड?" असं विचारून पळाली. सगळे हसले. मीही हसले, पण माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. तो जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून पापडाचे तुकडे करत होता.

नवरी चर्चमध्ये शिरली तशा काकू हळव्या झाल्या. "बघा, घराण्याबाहेरची, वेगळ्या वर्णाची मुलगी, पण कशी मानानं घरात घेतली. मोठ्या मनाची माणसं. नाहीतर आपल्याकडे, जात पाहिल्याशिवाय पान हलत नाही."

"खरंय काकू," वहिनी म्हणाल्या. "काळ बदलला आता."

माझ्या जिवात जीव आला. मी त्याच्याकडे बघितलं. अरे, आता बोल की बाबा, याहून चांगली वेळ कुठली येणार? तो पापडच मोडत होता.

मग काकू माझ्याकडे वळल्या. माझा हात हातात घेऊन, खालच्या आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "जन्मवेळ सांग गं तुझी. आणि पत्रिकेचा फोटो असला तर पाठव मला. आमच्या गुरुजींना आत्ताच व्हॉट्सअ‍ॅप करते. आज दिवस चांगला आहे."

ज्या गोष्टीसाठी मी इतके दिवस झुरत होते, ती माझा हात धरून बसली होती, आणि मागत होती नेमकं ते, जे आमच्या घरात कधी कुणाचं काढलंच नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा पत्रिका, मुहूर्त, सगळं सोडलं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि मलाही आहे.

"माझी पत्रिका नाहीये, काकू."

"नाहीये म्हणजे?"

टीव्हीवर गाणं चालू होतं. आणि ज्याच्या तोंडून शब्द फुटायची मी वाट बघत होते, तो अखेर बोलला.

"हरवली असेल गं तिची, आई. घर बदलताना वगैरे. हल्ली कॉम्प्युटरवर नवी काढून मिळते."

माझं डोकंच फिरलं. राग तर आलाच, पण त्याहून जास्त त्याची लाज वाटली. किती सहज बोलला तो. आज पत्रिका हरवली म्हणाला, उद्या माझे आई-वडील आले की काय हरवलं म्हणून सांगणार होता?

"हरवली नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे पत्रिका काढत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत. आणि याला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

काकूंनी हात लगेच सोडला नाही. आधी मुलाकडे पाहिलं. त्यानं आणखी एक पापड मोडायला घेतला. मग त्यांनी माझा हात सोडला, मांडीखालून रिमोट काढला आणि पुरुषमंडळींपुढे धरला.

"लावा तुमची मॅच. लोकांच्या लग्नात आपल्याला काय करायचंय."

नवरा-नवरीचं अजून 'हो' म्हणून व्हायचं होतं. कुणीतरी मुकाट्यानं चॅनल बदललं. वहिनी, काळ बदलला म्हणणाऱ्या त्याच, सरबत कुणाकुणाला हवंय ते विचारत स्वयंपाकघरात गेल्या.

मी उरलेल्या वड्यांसकट डबा उचलला आणि चपला घातल्या. तो माझ्यामागोमाग लिफ्टपर्यंत आला. जीव वेडा असतो, मला वाटलं, आता म्हणेल, थांब, मीही येतो.

"तू जरा दम धरायला हवा होतास," तो म्हणाला. "मी जेवणं झाल्यावर सांगणारच होतो."

"जेवणं व्हायचीत अजून. चल आत. मी उभी राहते तुझ्याशेजारी. आता सांग, की तुला माझ्याशीच लग्न करायचंय."

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात धरतोय. त्यानं माझ्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.