परत न आलेलं टपाल

सोनाजीरावांविषयी लिहायचं म्हणजे आधी माझी चूक कबूल करावी लागते, आणि ते काम मला कधीच सहज जमलेलं नाही. मी उद्धव, हिंगोलीच्या एका कॉलेजात मुख्य लिपिक. माझा आवाज फाटकापर्यंत ऐकू येतो असं पोरं म्हणतात. खरं आहे ते.

सोनाजीराव कॉलेजात लागले तेव्हा टपाल शिपाई होते. पोस्टातून पिशवी आणायची, पत्रं निवडायची, ज्याची त्याला द्यायची आणि पोचवहीत सही घ्यायची. सहीशिवाय पाकीट त्यांच्या हातातून सुटत नसे, मग समोर प्राचार्य असोत की माळी. समोरचा पाकीट फोडायला लागला की हे तोंड खिडकीकडे फिरवत. दुसऱ्याचं टपाल आपण बघायचं नाही, हा त्यांचा नेम. पाकिटावर नाव कसंही गिचमिड लिहिलेलं असो, माणूस मात्र ते बरोबर हुडकून काढत.

पुढे पोस्टाची पिशवी आटत गेली. कॉलेजनं हौसेनं स्वतःचा मेल सर्व्हर बसवला आणि प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रत्येक कर्मचाऱ्याला कॉलेजच्या नावाचा पत्ता दिला. बसवून देणारा कंत्राटदार दोन वर्षांत दिसेनासा झाला. त्या खोलीची किल्ली सोनाजीरावांकडे असायची, एवढ्याच पात्रतेवर सर्व्हर त्यांच्या गळ्यात पडला. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. त्यांनी मात्र शंभर पानी वही आणली, काळ्या पडद्यावर कुठला शब्द टाकला की यंत्र काय करतं ते एकेक करून मराठीत टिपलं, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो सर्व्हर असा काही चालवायला लागले की आमचं हसणं आपोआप बंद झालं.

गेल्या वर्षी मीही एक सुधारणा केली. टेबलाशी पोरांची झुंबड उडायची, म्हणून दारावर ठळक फलक लावला: तक्रार फक्त मेलवर करावी. खाली माझा पत्ता, सगळा कॅपिटल अक्षरांत, लांबून दिसावा म्हणून. त्या दिवसापासून एकही तक्रार आली नाही. हे माझ्या कारभाराचं यश, असं मी चारचौघांत सांगतही होतो.

आणि मग तो सोमवार. दुपारी अडीचला आकांक्षा धापा टाकत आत आली. सिद्धेश्वर गावची मुलगी, वडील भिवाजी तिथल्या धरणात मासे धरतात, आणि ही प्राणिशास्त्रात कॉलेजात पहिली आलेली. कोकणातल्या एका मत्स्यसंशोधन संस्थेत तिनं दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. उत्तर येईना, म्हणून त्या सकाळी तिनं फोन लावला. तिची निवड झाली होती! पत्र मेलनं जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि आज पाच वाजेपर्यंत त्या पत्रातूनच होकार कळवला नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. संस्थेतल्या बाईंनी फोनवर असतानाच पत्र पुन्हा पाठवलं. तेही आलं नाही. अर्जात दिलेल्या पत्त्याशिवाय दुसरीकडे पाठवायचा नियम नाही, म्हणाल्या.

मी काय करावं? मी तिच्यावरच चढलो. अकरा दिवस झोपली होतीस का, आधी काहून सांगितलं नाहीस, असं सगळ्यांसमोर विचारलं.

"सर, मेल येईना म्हणून मी तुमाला तीन मेल केले," ती म्हणाली.

मला एकही मिळालेला नव्हता. मी तिला खोटारडी म्हणालो. शब्द तोंडातून गेला आणि तिचे डोळे भरले, तरी मी माघार घेतली नाही. एवढ्यात सोनाजीराव दारात उभे दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिला एकच प्रश्न केला, पाठवलेलं पत्र त्या बाईंकडे परत आलं का? तिनं तिथूनच फोन लावून विचारलं. नाही, परत आलेलं नव्हतं.

"परत आलं न्हाई ना? मंग पोचलं," सोनाजीराव म्हणाले. "टपाल आपल्याच घरात हाय, बाई. चाल, हुडकू."

टपालवाल्याचा हिशेब! पत्ता सापडला नाही की पत्र फिरून पाठवणाऱ्याकडे जातं. गेलं नाही, त्या अर्थी कुणीतरी ते ठेवून घेतलेलं आहे. मीही मागोमाग गेलो, खरं सांगायचं तर सोनाजीरावांची फजिती बघायला.

पावणेतीन. खोलीत पंखा घरघरत होता. त्यांनी वही उघडली, आलेल्या मेलची नोंद पडद्यावर मागवली आणि तारखेवर बोट ठेवलं. कोकणातलं पत्र अकरा दिवसांपूर्वी आमच्या दारात आलं होतं, स्वीकारलं गेलं होतं. आजचंही आलं होतं. मग गेलं कुठे? सव्वातीन झाले, साडेतीन झाले. आकांक्षानं आपली पेटी उघडली, रिकामी. कचरा उघडला, रिकामा. पावणेचारला सोनाजीरावांनी सगळ्या पेट्यांची यादीच काढली आणि वर सरकवत एकदम थांबले.

"हे बघा साहेब. एका लेकराच्या दोन पेट्या."

आकांक्षाच्या नावाची एक पेटी होती लहान अक्षरांत, आणि तिच्याच नावाची दुसरी, सगळ्या कॅपिटल अक्षरांत. पहिली आम्ही करून दिलेली. दुसरी कुणीच केलेली नव्हती, सर्व्हरनं ती स्वतःहून उघडली होती. कोकणातल्या अर्जावर लिहिलेलं होतं, सर्व माहिती कॅपिटल अक्षरांत भरावी. आकांक्षानं इमानानं पत्ताही तसाच भरला. पत्र त्याच पत्त्यावर आलं, आणि आमच्या शहाण्या सर्व्हरला ही कुणी वेगळीच मुलगी वाटली!

सोनाजीरावांनी वहीचं एक जुनं पान काढून मला समजावलं. पत्त्यात @ या गोल खुणेच्या नंतरचा भाग म्हणजे गाव. तो कसाही लिहा, फरक पडत नाही. खुणेच्या आधी माणसाचं नाव असतं, आणि ते कॅपिटल आणि स्मॉल एकच धरायचं की वेगळं, हे ज्याच्या घरी टपाल येतं त्यानं ठरवायचं. बाकी बहुतेक सगळे एकच धरतात, म्हणून कुणाला कधी शंका येत नाही. आमच्या कंत्राटदारानं मात्र ती सोय बंदच ठेवली होती.

"हाक मोठ्यानं मारली काय न हळू मारली काय, माणूस तेच ना," ते म्हणाले, आणि खुर्चीवरून उठले. "बस बाई. तुजं टपाल तूच उघड."

ती बसली. सोनाजीरावांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी मात्र वाकून बघत होतो, मला कसला धीर! पत्र होतं. तिचं नाव होतं. चार वाजून दहा मिनिटांनी तिनं होकार भरायला घेतला, घाईत दोनदा चुकली, आणि साडेचारला तो गेला. आता पोच यायची होती, तीही पुन्हा त्याच कॅपिटल पत्त्यावर. सोनाजीराव तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले, सर्व्हरच्या मांडणीत शिरले आणि येणाऱ्या टपालावरचं प्रत्येक नाव दारातच लहान अक्षरांत करून घेण्याची ओळ चालू केली. मग स्वतःलाच कॅपिटलमध्ये एक मेल पाठवला. तो त्यांच्या नेहमीच्या पेटीत येऊन पडला. पाचला सात मिनिटं कमी असताना आकांक्षाच्या खऱ्या पेटीत कोकणची पोच आली, आणि मी इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारच्या वर्गातला तास थांबला. तिनं वडिलांना फोन लावला. पलीकडे भिवाजी तिला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावत होते आणि ती हसत सांगत होती.

मी निघालो, तेव्हा सोनाजीरावांनी हाक मारली.

"साहेब, यादीत तुमच्या बी दोन पेट्या हायेत."

माझ्या लक्षात आलं आणि मी मागे फिरलो. दारावरचा फलक. ते खुर्चीवरून बाजूला झाले आणि खिडकीकडे वळले. मी माझी कॅपिटल पेटी उघडली. एकशे बारा मेल. वर्षभराच्या सगळ्या तक्रारी, एकही वाचलेली नाही. सगळ्यात वर आकांक्षाची तीन पत्रं, तीन वेगळ्या दिवशींची. शेवटच्यात लिहिलेलं होतं: 'सर, तुम्ही कामात असाल म्हणून पुन्हा त्रास देते, रागावू नका.'

ती अजून तिथेच होती. मी तिला म्हणालो, "तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं." पहिल्यांदाच माझा आवाज फाटकापर्यंत गेला नसेल. ती म्हणाली, जाऊ द्या सर. पण मला ते जाऊ देता येत नव्हतं.

सोनाजीरावांनी कपाटातून जुनी पोचवही काढली, धूळ झटकली, ताज्या पानावर तारीख टाकली आणि पेन माझ्यापुढे धरलं. घरी जायला मला साडेआठ वाजले. एकेक पत्र वाचत होतो आणि एकेक सही करत होतो, आणि एकशे बारावी होईपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.